ग्राहकांची खतावणी आणि संगणक

निपाणीतील तंबाखूच्या पेढीवर किंवा बेळगावच्या कापडदुकानात गिऱ्हाइकाची ओळख पूर्वी मुनिमाच्या स्मरणात आणि खतावणीच्या पानांत असे. हे काम संगणकाकडे सोपवावयाचे, तर प्रणालीची निवड केवळ किमतीवरून करणे इष्ट नव्हे. सीमाभागात एकच नाव देवनागरी, कन्नड व रोमन अशा तीन लिप्यांत लिहिले जाते. २०१४ साली बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाल्याने पत्तेही दुहेरी झाले. नावावरूनच नोंद ठेवल्यास एका गिऱ्हाइकाची तीन खाती होतात आणि उधारी विखुरते. म्हणून युनिकोडमध्ये दोन्ही भाषा साठविणारी आणि प्रत्येकास स्वतंत्र खातेक्रमांक देणारी प्रणाली घ्यावी. निपाणीहून कागलला माल धाडला की राज्य बदलते. कर्नाटकाचा जीएसटी संकेतांक २९, तर महाराष्ट्राचा २७. शिवाय केंद्र व राज्य यांच्या दोन करांऐवजी एकात्मिक कर लागतो. तेव्हा राज्याचा रकाना हवाच. अखेरची कसोटी अशी, की सर्व नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतात किंवा नाही, हे पैसे मोजण्यापूर्वीच पाहावे. कपाट कोणाकडूनही विकत घ्यावे. आतली खतावणी मात्र दुकानदाराच्याच हाती राहिली पाहिजे.