आमची गोधडी

मांजरीचं नाव कधी गोधडी असतं का? आमच्याकडे होतं! २००८ च्या पावसाळ्यात एक ओलंचिंब पिल्लू आमच्या पडवीत शिरलं आणि लाकडांच्या राशीत जाऊन बसलं. पांढरा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग, आणि तेही कसे, तर जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडावेत तसे. आजी म्हणाली, "ही तर चालती गोधडीच आली!" झालं, बारसं उरकलं. मी तेव्हा डी.एड. करत होतो.

तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, बरं का. मांजराचा रंग काळा की नारिंगी, हे ठरवणारं जनुक 'एक्स' गुणसूत्रावर असतं. मादीकडे दोन एक्स, नराकडे एकच. म्हणून हे दोन्ही रंग एकत्र सहसा मादीलाच मिळतात. पिल्लू आईच्या पोटात अगदी इवलंसं असतानाच त्याच्या प्रत्येक पेशीतला एक एक्स बंद पडतो. कुठे काळ्याचा, कुठे नारिंगीचा. कुठे कोणता बंद पडेल, याला काही नियम नाही! त्यातूनच ही ठिगळं तयार होतात. पांढरा रंग ही वेगळ्याच जनुकाची करामत. हा भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गोधडीच्या तऱ्हा ऐका. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ना? आमची गोधडी डोळे टक्क उघडे ठेवून प्यायची, एक डोळा तर कायम कावळ्यावर! पाण्याचं तर विचारूच नका. वाटीतलं पाणी तिला चालायचं नाही. न्हाणीतली बादलीच हवी, आणि तीही काठोकाठ भरलेली. पाणी वीतभर जरी खाली गेलं, तरी बादलीशेजारी बसून, कुणी नळ सोडेपर्यंत तक्रार चालू. ती पाणी कशी पिते ते मी पुष्कळदा वाकून पाहिलं, पण जीभ इतकी भरभर हलायची की काही कळायचंच नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या एका शास्त्रज्ञालाही नाश्ता करताना आपल्या मांजराकडे बघून हाच प्रश्न पडला होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांजरांचं चित्रीकरण केलं आणि ते अगदी सावकाश लावून पाहिलं. मांजर पाणी उपसत नाही. जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकवतं आणि झटकन वर उचलतं. जिभेमागे पाण्याची एक बारीक धार वर ओढली जाते. ती खाली पडायच्या आत तोंड मिटायचं, की घोट आत! सेकंदाला सुमारे चार वेळा. हे संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झालं.

गणपतीत आजी मोदकांचं ताट गोधडीच्या शेजारी खुशाल उघडं ठेवायची. गोधडी वरचं तूप तेवढं चाटायची (हे पाहुण्यांना सांगायचं नसे), सारणाला तोंड लावायची नाही. तिला गोड आवडत नाही, असं आम्ही समजत होतो. खरं म्हणजे तिला गोड कळतच नव्हतं! मांजरांमधलं गोड चव ओळखणारं जनुक बिघडलेलं असतं, हे २००५ मध्ये शास्त्रज्ञांना आढळलं. वाघाचंही तसंच. म्हणजे वाघोबाला कुणी पेढा दिला, तर तो फुकटच जायचा.

मासेवाल्याच्या भोंप्याची गोष्ट मात्र वेगळी. तो अजून वरच्या वाडीत असायचा, आम्हाला काहीएक ऐकू यायचं नाही, आणि गोधडी पायरीवर कान फिरवत हजर! माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. मांजराला ६० हजारांच्या वरचेही. उंदरांची बारीक चूंचूं त्यांना ऐकू येते ती यामुळेच.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. गोधडीने आमच्यासमोर चारच फिरवली. माळा, भाताच्या कणगीमागचा कोपरा, शेजारच्या काकूंचा गोठा आणि शेवटी माझ्या डी.एड.च्या तक्त्यांचं खोकं! तक्त्यांचं काय झालं असेल, ते तुम्हीच ओळखा. एकेक पिल्लू मानेच्या कातडीला धरून नेताना ते कसं गप्प, पाय आखडून लोंबकळायचं! जागेला वास सुटला किंवा बोका घुटमळू लागला, की आई पिल्लं हलवते, कारण बोके कधी कधी पिल्लं मारतात. पुढे आम्ही तिचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा ही मिरवणूक थांबली.

तिचा सगळ्यात मोठा उद्योग म्हणजे कणीक मळणे. रात्री आजीच्या खऱ्या गोधडीवर चढायचं आणि पुढचे दोन्ही पंजे आळीपाळीने दाबत घुर्रघुर्र सुरू करायचं. दूध यावं म्हणून पिल्लू आईचं पोट असंच दाबतं. ती सवय मोठेपणीही राहते. आजी २०१६ मध्ये गेली. गोधडी घडी करून ट्रंकेत ठेवली, तर ही रोज रात्री ट्रंकेवर जाऊन झोपू लागली. आईने आठवडाभर पाहिलं आणि काही न बोलता गोधडी बाहेर काढून ट्रंकेवर पसरली.

माझी लेक २०१४ ची. तिने गोधडीशिवाय घर पाहिलेलंच नव्हतं. तिने मांजराशी बोलायची एक युक्ती शोधून काढली होती. लांब बसायचं, डोळे हळूहळू अर्धे मिटायचे आणि पुन्हा उघडायचे. गोधडीही तसंच करायची. मला वाटायचं हा पोरखेळ. पण २०२० मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी अगदी हेच तपासलं. माणसाने असे डोळे मिटले की मांजरंही जास्त वेळा तसे मिटतात, असं त्यांना दिसलं. तुम्ही करून बघा. फक्त टक लावून बघू नका, ते त्यांना आवडत नाही.

शेवटच्या वर्षात गोधडी दिवसातून दहा-दहा वेळा बादलीवर जाऊ लागली आणि अंगाने उतरली. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. मूत्रपिंडं थकली होती. म्हाताऱ्या मांजरांना हा आजार पुष्कळदा होतो. तुमच्या घरचं मांजर एकाएकी खूप पाणी पिऊ लागलं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. औषधपाण्यावर तिने आणखी काही महिने काढले. खिडकीवर उडी मारवेना, तेव्हा लेकीने खाली पाट आणि त्यावर खोकं ठेवून जिना केला. २०२२ च्या फेब्रुवारीत गोधडी गेली. जास्वंदीखाली तिला पुरलं.

चार दिवसांनी लेक म्हणाली, "पप्पा, अगदी अश्शीच दुसरी मिळते का हो?"

मग तिला 'सीसी'ची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये शास्त्रज्ञांनी एका तीनरंगी मांजरीच्या पेशीपासून तिची हुबेहूब नक्कल करायचं ठरवलं. २२ डिसेंबर २००१ ला पिल्लू जन्मलं. मांजराची जगातली पहिली नक्कल! जनुकं तीच, पण रंग पाहावेत तर नारिंगीचा पत्ताच नाही. ज्या पेशीपासून ते घडलं, तिच्यात नारिंगीचा एक्स बंद पडलेला होता. सीसी पुढे १८ वर्षं जगली, तिला स्वतःची पिल्लंही झाली, पण मूळ मांजरीसारखी ती कधीच दिसली नाही.

लेकीने बराच वेळ विचार केला. "म्हणजे शास्त्रज्ञांनासुद्धा जमत नाही?"

"नाही."

तिने दप्तरातून दुरेघी वही काढली आणि गोधडीच्या सवयी लिहायला घेतल्या. तिच्या जन्माआधीच्या मी सांगितल्या, आजीच्या वेळच्या आईने सांगितल्या. यादी चाळीसच्या पुढे गेली आहे. अठराव्या क्रमांकावर लिहिलं आहे, "गोधडी रात्री पप्पांचा चष्मा चाटायची."

हे मला साडेतेरा वर्षांत माहीतच नव्हतं!