बुडती कंपनी, शाबूत बोनस

सरकारने बुडती कंपनी वाचवली, तर तिथल्या साहेबांच्या बोनसचं काय होतं? अमेरिकेच्या एआयजी या विमा कंपनीचं उदाहरण घेऊ. तिच्या एका विभागाने गृहकर्जांवर आधारलेल्या रोख्यांची हमी घेतली होती. कर्जं बुडाली तर भरपाई आम्ही देऊ, असे ते करार. हमीचं शुल्क लगेच जमा व्हायचं. नुकसान झालंच तर पुढे कधीतरी! ते 'पुढे' सप्टेंबर 2008 मध्ये आलं. तिथल्या मध्यवर्ती बँकेने 85 अब्ज डॉलरपर्यंत कर्ज देऊ केलं आणि जवळपास 80 टक्के मालकी सरकारकडे गेली.

मार्च 2009 मध्ये त्याच विभागात सुमारे 16.5 कोटी डॉलर बोनस वाटला गेला. कारण काय, तर बोनसचे करार आधीच झाले होते. खरी मेख इथेच आहे. कंपनीचं दिवाळं निघालं असतं, तर हे लोकही इतर घेणेकऱ्यांबरोबर रांगेत उभे राहिले असते. जनतेच्या पैशावर कंपनी तगली, म्हणून करारही तगले. लोक भडकले. प्रतिनिधीगृहाने बड्या पगारदारांच्या अशा बोनसवर 90 टक्के कर लावणारं विधेयक मंजूर केलं, पण सिनेटमध्ये ते पुढे सरकलंच नाही. काहींनी पैसे परत केले, तेही लोकलाजेस्तव.