भुसा कोणता, हे आधी विचारा

'भुशावर मशरूम येतं' असं ऐकलं की वाशीमचा हौशी माणूस पोती घेऊन थेट आरामशीन गाठतो. घोटाळा शब्दाचाच आहे. धिंगरीच्या, म्हणजे ऑयस्टर मशरूमच्या, माहितीत 'भुसा' म्हणतात तो बहुतेक वेळा गव्हाचा, म्हणजे आपल्या भाषेत कुटार. करवतीखालून पडतो तो वेगळा.

लाकडावर धिंगरी येत नाही, असं मात्र नाही. रानात ती मेलेल्या झाडांवरच उगवते, आणि जर्मनीत पहिल्या महायुद्धाच्या काळात तिची लागवड झाली तीही ओंडक्यांवर. म्हणून 'लाकूड म्हणजे लाकूड' असा समज होतो. पण विदर्भातल्या आरामशीनवर साग भरपूर चिरला जातो. सागाची चौकट पिढ्यान्‌पिढ्या कुजत नाही, कारण त्याच्या गाभ्यात बुरशीला नको असलेली द्रव्यं असतात. धिंगरी ही तर लाकूड कुजवणारी बुरशी! आंब्यासारख्या मऊ लाकडाचा भुसा चालतो, पण मशीनवाला तो कशाला वेगळा काढून ठेवेल?

दुसरा समज, गरम पाण्यातून काढलं की निर्जंतुक करायचं काम झालं. कुटाराचं होतं: 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की पुरे. लाकडी भुशात नत्र फार कमी, म्हणून त्यात 10 ते 20 टक्के गव्हाचा किंवा भाताचा कोंडा घालावा लागतो. हा कोंडा हिरव्या बुरशीलाही तितकाच आवडतो. मग 121 अंशांची दाबाखालची वाफ दीड-दोन तास द्यावी लागते. पातेल्याचं ते काम नाही. ज्या जिल्ह्यात सोयाबीनचं कुटार ढिगाने पडतं, तिथे हा खटाटोप मला तरी पटत नाही.

आता 'बाराही महिने पीक'. धिंगरीला साधारण 20 ते 30 अंश तापमान आणि 80 टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. आपल्या मे महिन्यात पारा 40 ओलांडतो. ओली पोती टांगून किती थंडावा मिळणार? पांढरी फ्लोरिडा थंडीत खुलते, साजोर काजू त्याहून थोडी ऊब सोसते, गुलाबी धिंगरी आणखी उष्ण दिवसांत निभावते, पण कडाक्याच्या थंडीत रुसते. पावसाळ्यात ओल आयती मिळते, सोबत माश्या आणि हिरवी बुरशीही. बियाणं कोणत्या जातीचं घ्यावं, हे रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यावं.

अंधाराचाही बाऊ होतो. बुरशी पसरेपर्यंत अंधार ठीक. पुढे मंद उजेड आणि खेळती हवा नसेल तर लांबलचक देठ आणि बटणाएवढी छत्री हाती येते.

दिवाळीच्या सुमारास मळणीयंत्रामागे सोयाबीनचं कुटार पडतं आणि धिंगरीला मानवणारे दिवसही तेव्हाच लागतात. त्यातलं पावसात भिजून काळं पडलेलं तेवढं बाजूला टाका.