कोकोपीट पाणी धरते, आणत नाही

माण, खटाव, आटपाडी किंवा जत तालुक्यात घरापासून लांबच्या माळावर झाडे लावायचा विषय निघाला, की हल्ली कोणीतरी कोकोपीट सुचवतेच. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा दाबून केलेली ही वीट वजनाला हलकी, न्यायला सोपी आणि पाणी धरून ठेवणारी. मग दुष्काळी माळासाठी याहून चांगले काय, असा हिशेब सहज मांडला जातो. त्या हिशेबातले प्रत्येक विधान सुटे घेतले तर खरे आहे. चूक होते ती सगळी विधाने एकत्र जोडून निष्कर्ष काढताना. कोकोपीट पाणी धरते, पण ते पाणी कोणीतरी आधी तिथे न्यावे लागते आणि संपले की पुन्हा न्यावे लागते. लांबच्या तुकड्यावर नेमकी तीच अडचण असते.

आधी वजनाचा गैरसमज पाहू. बाजारात मिळणारी पाच किलोची वीट भिजवली की साधारण ७० लिटर भुसा होतो. एवढ्याच आकारमानाची माती न्यायची तर ८० किलोच्या वर वजन जाते, त्यामुळे वीट दुचाकीवर टाकून डोंगरावर नेता येते हे म्हणणे बरोबर आहे. पण ती वीट पुरती फुलायला २० ते २५ लिटर पाणी लागते आणि एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. समजा दोन फूट लांब, रुंद आणि खोल असे शंभर खड्डे घेतले. एका खड्ड्यात सुमारे २१६ लिटर भरण बसते. त्यात दहावा हिस्सा कोकोपीट धरले तर एका विटेत तीनच खड्डे होतात. शंभर खड्ड्यांना तीसेक विटा, म्हणजे दीडशे किलो कोरडा माल आणि तो भिजवायला सहाशे ते साडेसातशे लिटर पाणी. दोनशे लिटरची तीन-चार बॅरल पाणी रोपाला घोटभरही न देता नुसत्या विटा फुलवण्यात जाते. ज्या माळावर टँकर चढत नाही, तिथे ओझे कमी झालेले नाही. ते मातीऐवजी पाण्याच्या रूपाने वर न्यायचे आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: विटा कोरड्याच टाकाव्यात, भिजवायचे काम पावसावर सोडावे. हे जमते, पण पद्धत चुकली तर अंगाशी येते. अख्खी वीट खड्ड्यात पुरली तर बाहेरचा थर भिजतो, गाभा कोरडाच राहतो. नंतर मोठ्या पावसात ती फुगते आणि वर लावलेले रोप उचलून देते. वीट आधी पूर्ण चुरून मातीत आणि शेणखतात मिसळायला हवी. शिवाय कोरडा भुसा पहिल्या हलक्या सरी स्वतःच पितो. आटपाडी-माणच्या पट्ट्यात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा बहुतेक सप्टेंबरमध्ये पडतो. जूनच्या चार सरींवर भरवसा ठेवून कोरड्या कोकोपीटमध्ये रोप लावले, तर मुळांच्या आधी भुसा पाणी घेतो. म्हणून खड्डे मे महिन्यात भरून ठेवावेत आणि भरण आतपर्यंत ओले झाल्याची हाताने खात्री करूनच रोप लावावे.

सर्वात खोलवर रुजलेला गैरसमज मात्र असा, की कोकोपीट घातले म्हणजे उन्हाळा निघतो. वरच्याच हिशेबाने एका खड्ड्यातल्या कोकोपीटमध्ये भिजवतानाचे सहा-सात लिटर पाणी असते. भरपूर पावसात ते आणखी धरेल, पण त्यातले काही पाणी मुळांना ओढता येत नाही आणि बरेचसे वरून उडून जाते. मुरमाड जमिनीत, जिथे पाणी खाली पळून जाते, एवढी साठवण पावसाच्या आठ-दहा दिवसांच्या खंडात रोपाला नक्की तारते. ऑक्टोबर ते मे हा आठ महिन्यांचा काळ ती तारू शकत नाही. काळ्या भारी जमिनीत तर फायदा आणखी कमी, कारण ती माती स्वतःच पाणी धरते. उलट तिथे नुसत्या कोकोपीटमध्ये वाढलेले रोप तसेच लावले, तर भोवतालची बारीक कणांची कोरडी माती त्या भुशाच्या गोळ्यातले पाणी स्वतःकडे ओढून घेते आणि शेजारची माती ओलसर दिसत असतानाही रोप सुकते. पहिले काही आठवडे पाणी आळ्याच्या कडेला न देता थेट त्या गोळ्यावर द्यायचे ते याचसाठी.

मग कृष्णाकाठच्या रोपवाटिकांत कोकोपीट इतके यशस्वी का, असे विचारले जाईल. वाळवा, कराड भागात उसाची एक डोळ्याची रोपे ट्रेमध्ये कोकोपीटवर वाढतात आणि सुमारे महिनाभराने शेतात जातात. भाजीपाल्याची रोपेही तशीच तयार होतात. पॉलिहाऊसमधली ढोबळी मिरची पिशव्यांतल्या कोकोपीटवर भरघोस येते. पण या प्रत्येक ठिकाणी माणूस रोज हजर असतो, वर सावली असते, पाणी ठिबकने किंवा झारीने दिवसातून एकदा-दोनदा आणि पॉलिहाऊसमध्ये त्याहून अधिक वेळा मिळते, खते पाण्यातून जातात. कोकोपीटचा खरा गुण हा, की वारंवार पाणी देऊनही त्यात हवा खेळती राहते आणि मुळे गुदमरत नाहीत. आठवड्यातून एकदा फेरी होणाऱ्या माळावर त्या गुणाला वावच मिळत नाही. याचा अर्थ माळासाठी कोकोपीट निरुपयोगी आहे असा नाही. त्याची जागा रोपवाटिकेत आहे. तिथे चांगल्या मुळांचे, वर्ष-दीड वर्षाचे, हळूहळू उन्हाला सरावलेले रोप तयार करावे आणि माळावर ते न्यावे. मोठ्या रोपाच्या पिशवीत कोकोपीटबरोबर माती आणि शेणखत असले, तर लावल्यावर मुळे बाहेरच्या मातीत लवकर शिरतात.

कोकोपीट हे खत आहे, हाही समज बराच पसरला आहे. रंग कुजलेल्या शेणखतासारखा असल्यामुळे तो होत असावा. कच्च्या भुशात कर्ब आणि नत्राचे प्रमाण ११२ ला १ च्या आसपास असते. असा पदार्थ मातीत गेला की तो कुजवणारे जीवाणू स्वतःसाठी मातीतलाच नत्र उचलतात आणि पाने पिवळी पडतात. त्यात लिग्निन भरपूर असल्याने तो सावकाश कुजतो. मातीच्या रचनेसाठी ते चांगले, पोषणासाठी नाही. कॉयर बोर्डाने अळिंबीवर्गातली बुरशी आणि युरिया वापरून हा भुसा कुजवण्याची पद्धत रुजवली. तसे कंपोस्ट झाल्यावर हे प्रमाण २४ ला १ पर्यंत उतरते. ते खत म्हणून चालते, वीट चालत नाही. आटपाडी-जतच्या चुनखडीच्या जमिनी कोकोपीटने सुधारतील ही अपेक्षाही फोल आहे. त्याचा सामू ५.५ ते ६.५, म्हणजे किंचित आम्ल, हे खरे. पण जमिनीतला चुना इतका असतो की खड्डाभर भुसा त्याच्यापुढे काहीच नाही.

क्षारांच्या बाबतीत दोन टोकाचे समज आढळतात. कोणी म्हणतो, नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक. कोणी म्हणतो, समुद्राकाठचे आहे म्हणजे मिठानेच भरलेले. सोडणात पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड मुळातच असतात आणि सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवली तर ते वाढतात. गोड्या पाण्याने धुतलेला माल बाजारात ‘लो ईसी’ म्हणून मिळतो, न धुतलेला ‘हाय ईसी’ म्हणून स्वस्तात; ईसी म्हणजे विद्युतवाहकता, क्षारांचे माप. स्वस्त वीट घेऊन ती शेतावर धुवायची म्हटले तर भिजवण्याच्या कितीतरी पट पाणी लागते, म्हणून लांबच्या तुकड्यासाठी धुतलेलीच घ्यावी. मिरज, वाळवा, पलूस भागात अतिपाण्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत. तिथे न धुतलेला माल वापरणे म्हणजे आहे त्या दुखण्यात भर घालणे. बोअरचे पाणी खारट असेल तर धुतलेली वीटही काही महिन्यांत क्षार साठवते. द्राक्ष आणि पॉलिहाऊसवाल्या शेतकऱ्यांकडे ईसी मीटर असतो. थोडा भुसा पावसाच्या पाण्यात भिजवून, गाळून ते पाणी एकदा त्यावर पाहून घ्यावे.

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माणला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तेव्हा दोन्हीकडे एकच मिश्रण चालणार नाही हे उघड आहे. घाटमाथ्यावर उघड्यावर ठेवलेल्या पिशवीत नुसते कोकोपीट पावसाळ्यात चिंब राहते आणि मुळे कुजतात. तिथे खडी किंवा जाड वाळू मिसळून निचरा वाढवावा लागतो.

आता उरतो प्रश्न, मग माळावर काय करावे. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रेजवळ सागरेश्वरच्या उघड्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने जंगल उभे राहिले आणि १९८५ मध्ये सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. ते लागवड आणि नेटाने केलेल्या राखणीतून झाले, विकतच्या माध्यमातून नाही. पाणी अडवणारे सलग समतल चर, जमिनीला मानवणाऱ्या जाती, चराईपासून संरक्षण आणि आळ्यावर आच्छादन ही कामे खड्ड्यातल्या भुशाच्या आधी येतात. आच्छादनासाठी केरळ-तमिळनाडूतून काही आणायची गरज नाही. कृष्णाकाठी उसाचे पाचट अजूनही अनेक शेतांत पेटवले जाते. तेच तीन-चार इंच जाडीने आळ्यावर पसरले तर जमिनीतून उडून जाणारे पाणी अडते. बाष्पीभवन वरून होते, कोकोपीट मात्र खाली पुरलेले असते. पाचटाला वाळवी लागते आणि आगीची भीती असते हे खरे आहे. म्हणून ते खोडाला चिकटवू नये आणि माळाभोवती जाळपट्टा काढावा.

तेव्हा विटांची ऑर्डर देण्यापूर्वी कागदावर तीन आकडे लिहा: खड्डे किती, मे महिन्यात प्रत्येक खड्ड्यापर्यंत आठवड्याला किती लिटर पाणी पोचेल आणि ते कोण पोचवेल. टेंभू किंवा म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या आवर्तनाचे पाणी जवळ असेल, ठिबकची नळी वर जात असेल, तर मुरमाड खड्ड्यात दहावा हिस्सा धुतलेले कोकोपीट जरूर घाला. पाण्याची सोय नसेल, तर तोच पैसा आधी बॅरल, पाचटाची वाहतूक आणि कुंपणावर खर्च करा आणि झाडे सांभाळता येतील तेवढीच लावा.