धडधाकट खेळाडू आणि अचानक थांबलेले हृदय

२९ डिसेंबर २००७, शनिवार. स्कॉटलंडमधील मदरवेल शहराच्या फर पार्क मैदानावर डंडी युनायटेडविरुद्धचा फुटबॉल सामना संपत आला होता. मदरवेलचा कर्णधार फिल ओडॉनेल याच्या जागी बदली खेळाडू उतरवायची तयारी सुरू होती. तेवढ्यात तो मैदानातच कोसळला. तिथेच उपचार सुरू झाले, रुग्णवाहिकेतून त्याला रुग्णालयात नेले. पण तो वाचला नाही. वय अवघे ३५. मागे पत्नी आणि चार मुले.

ओडॉनेल हा काही जगभर गाजलेला खेळाडू नव्हता. मधल्या फळीत राबणारा, संघासाठी धावणारा गडी. १९९१ मध्ये स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात, १९व्या वर्षी, त्याने गोल केला आणि मदरवेलने याच डंडी युनायटेडला ४-३ असे हरवले. १९९४ मध्ये सेल्टिकने त्याला साडेसतरा लाख पौंड मोजून घेतले. १९९९ मध्ये तो इंग्लंडच्या शेफील्ड वेन्सडे संघात गेला. तिथली वर्षे दुखापतींतच गेली. २००४ मध्ये तो मदरवेलला परतला. देशाकडून एकच सामना खेळला. म्हणजे शरीराने अनेकदा दगा दिला, पण दिसेल अशा ठिकाणी. हृदयाचे तसे नसते.

शवविच्छेदनात कारण निघाले हृदयाचा डावा, मुख्य कप्पा निकामी होणे. आपल्याकडे मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहितात, त्यातलाच हा प्रकार. काय झाले ते कळते. का झाले ते कळत नाही.

‘हार्ट अटॅक’ आणि ‘कार्डियाक अरेस्ट’ यांत आपण नेहमी गल्लत करतो. पहिल्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छाती धरून बसतो. दुसऱ्यात हृदयाची विद्युतयंत्रणाच बिघडते, ठोका पडण्याऐवजी ते नुसते थरथरते, मेंदूकडे रक्त जाणे थांबते आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते. पस्तिशीनंतर खेळताना येणाऱ्या अशा मृत्यूंमागे मुख्यतः रक्तवाहिन्यांतील अडथळे असतात. त्याआधीच्या वयात हृदयाच्या स्नायूचे आनुवंशिक आजार किंवा विद्युतदोष जास्त आढळतात. त्यात वर्षानुवर्षांच्या व्यायामाने खेळाडूचे निरोगी हृदयही थोडे मोठे आणि जाड होते. ते कमावलेले हृदय की आजारी, हे ठरवताना अनुभवी तज्ज्ञही कधी कधी घुटमळतात.

मग तपासणी करून घेतली की झाले? इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९९६ ते २०१६ या काळात सरासरी सोळा वर्षे वयाच्या ११,१६८ खेळाडूंची ईसीजी आणि सोनोग्राफीसह तपासणी केली. ४२ जणांत जिवावर बेतू शकेल असा हृदयदोष सापडला. अनेकांवर उपचार होऊन ते पुन्हा खेळू लागले, हा मोठाच लाभ. पण पुढे हृदयविकाराने अचानक दगावलेल्या आठ जणांपैकी सहा जणांची तपासणी नॉर्मल आली होती! हे मृत्यू तपासणीनंतर सरासरी सुमारे सात वर्षांनी झाले. काही आजार सोळाव्या वर्षी दिसतच नाहीत, पुढे उमलतात. म्हणून कोवळ्या वयात मिळालेला ‘फिट’चा दाखला पुढची दीडदोन दशके पुरवता येत नाही.

ओडॉनेलला मैदानावरच मदत मिळाली, तरी उपयोग झाला नाही. असेही घडते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन (हाही मधल्या फळीतलाच) कोसळला, तेव्हा लगेच छातीदाब आणि विजेचा झटका मिळाल्याने तो शुद्धीवर आला. छातीत ठोके सावरणारे यंत्र बसवून पुढच्या वर्षी तो इंग्लंडच्या मैदानात उतरला. छातीदाब मिळाला नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते.

म्हणून कोणाचा धक्का न लागता खेळाडू कोसळला आणि हाकेला ओ देत नसेल, तर हृदय थांबले असेच धरावे. आचके दिल्यासारखा श्वास किंवा हातापायांचे झटके पाहून फिट आली समजून कांदा, चप्पल हुंगवत बसू नये. एकाने १०८ ला फोन करावा, दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे. धक्का लागला असला तरी सावध राहावे. डिसेंबर २००४ मध्ये गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनिअर बेंगळूरुतील सामन्यात गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला आणि दगावला, हे गोवेकर विसरलेले नाहीत.

धावताना भोवळ येणे, छातीत दुखणे, पूर्वी सहज जमणाऱ्या अंतराला धाप लागणे, किंवा घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलेले असणे, यांपैकी एकही गोष्ट असेल, तर पुढच्या सामन्याआधी हृदयतज्ज्ञाला दाखवावे. सामना कितीही महत्त्वाचा असला, तरी.