नोंद राहिली म्हणून नाव राहिलं



उसाच्या नोंदीचं महत्त्व आपणांस सांगायला नको. लागणीची तारीख, जात, क्षेत्र दप्तरी लागलं नाही तर तोडणीच्या पाळीपत्रकात नाव येत नाही. माणसांचंही तसंच आहे. दाखला लांबचा, अमेरिकेतला आहे. पण पटण्यासारखा आहे.

तिथे १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांशी उत्तरेचे सरकार लढत होते. १८६३ साली उत्तरेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने कृष्णवर्णीय जवानांची ५४ वी पलटण उभारली. अधिकारी गोरे होते. त्यांपैकी एक सेलम गावचा लुईस एमिलिओ.

१८ जुलै १८६३ रोजी पलटणीने चार्ल्सटन बंदराजवळच्या वॅग्नर किल्ल्यावर हल्ला चढविला. सुमारे ६०० जणांपैकी पावणेतीनशेच्या आसपास मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. कर्नल शॉ धारातीर्थी पडले. वरचे अधिकारी कोणी उरले नाहीत, तेव्हा अवघ्या १८ वर्षांच्या कॅप्टन एमिलिओने पलटण सांभाळली.

दुसरी लढाई पगाराची. भरतीच्या वेळी दरमहा १३ डॉलर कबूल केले होते. प्रत्यक्षात देऊ केले १०, त्यातूनही कपड्यांपोटी ३ कापून. जवानांनी पगारच नाकारला. फरक आम्ही भरतो, असं राज्य सरकार म्हणालं. तेही घेतलं नाही. प्रश्न पैशाचा नव्हता, बरोबरीचा होता. घरी बायकापोरांचे हाल झाले, तरी दीड वर्ष बिनपगारी लढले. अखेर जून १८६४ मध्ये समान पगाराचा कायदा झाला आणि थकबाकी हाती आली.

एमिलिओने १८९१ मध्ये पलटणीचा इतिहास छापला. लढाया लिहिल्याच, शिवाय जवानांची यादीही दिली. नाव, वय, गाव किंवा धंदा आणि पुढे काय झालं. त्यात शेतकरी, मजूर, न्हावी, खलाशी सगळे आहेत. म्हणून ते आज नावानिशी सापडतात.

आपल्या सभासदांतही माजी सैनिक बरेच आहेत. पेन्शनच्या कागदावर नंबर नि पलटण असते. आघाडीवर काय भोगलं ते नसतं. घरातल्या शिकत्या मुलानं आजोबांजवळ बसावं. पलटण, साल, ठिकाण, सोबती, सगळं वहीत उतरवावं. यंदाचा ऊस पुढच्या हंगामात पुन्हा नोंदवता येतो. गेलेल्या माणसाची आठवण मागाहून नोंदवता येत नाही.