बदकं का पडत नाहीत?

दिवाळीच्या साफसफाईत विष्णुपुरीच्या घरी माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम निघाला. दोन रिमोट, पिवळी कॅसेट आणि प्लॅस्टिकची बंदूक. चाळिशी उलटलेला मी पोरासारखा हरखलो. कॅसेटला फुंकर मारली, एलसीडी टीव्हीला वायर जोडली, मारिओ पळाला. बंदुकीने बदकं टिपायच्या खेळात मात्र एकही बदक पडेना!

हा डबा म्हणजे निन्टेन्डोने १९८३ साली जपानात आणलेल्या फॅमिकॉमची नक्कल. त्याच्या बंदुकीतून काहीच सुटत नाही. उलट नळीत प्रकाश टिपणारा सेन्सर असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. काळोखापाठोपाठ सेन्सरला उजेड दिसला, की नेम लागला. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर चित्र आलं तसं उमटायचं. एलसीडी ते आधी साठवून, आकार बदलून मग दाखवतो. तोवर बंदुकीच्या लेखी वेळ टळलेली असते.

फुंकरीचा गुणही फुंकरीचा नव्हेच, कॅसेट काढून पुन्हा बसवण्याचा. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. तेव्हा फुंकर टाळा आणि जुना टीव्ही एवढ्यात भंगारात देऊ नका.